वरच्या तुकड्यातला सावा

गवताला आवतण देऊन जेवायला बसवणारा शेतकरी मी उभ्या जन्मात बघितला नव्हता, आणि बघायला मिळाला तो नेमका माझ्याच पोटचा.

मुलगा अंगणात काडीनं रेघा मारून सांगत होता. "आधी रान नुसतं भिजवायचं. आठ-दहा दिवस हात लावायचा नाही. जेवढं गवत उगवायचं तेवढं उगवू द्यायचं. मग कुळव घालून सगळं मोडायचं, आणि त्यानंतर भात पेरायचा."

"आणि ते आठ दिवस आपण काय करायचं? बांधावर बसून गवताला वारा घालायचा?"

"आई, आधी उगवलं तर आधी मारता येतं. भाताबरोबर उगवलं की ते भातासारखंच दिसतं. मग मारणार कसं?"

"या हातांनी," मी म्हणाले आणि दोन्ही हात त्याच्या नाकासमोर धरले.

हातांचा तोरा उगाच नव्हता. बावीस वर्षं मी निंदणीच्या बायकांची टोळी चालवली. गाव मला मुकादम म्हणतं. नवराही चारचौघांत मुकादमच म्हणतो. घरात काहीच म्हणत नाही, कारण ते मुळात बोलतातच मोजकं. टोळीतल्या बाईनं गवताची एक काडी मागं ठेवली, तर बांधाच्या त्या टोकावरून मी तिला हाक मारून परत फिरवायची. माझ्या टोळीनं निंदलेल्या रानात पुन्हा खुरपं घालावं लागलं असं कोणी म्हणून दाखवावं.

पण टोळी आता कुठे होती? गेल्या वर्षी ऐन लावणीत रस्त्याच्या कडेला फळं पेट्यांत भरायची शेड झाली. सावलीतलं काम, बसायला स्टूल, डोक्यावर पंखा. चौदा बायका आठवड्याच्या आत तिकडे गेल्या. मला त्यांचा राग आला, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटला. त्यामुळे यंदा लावणी करायला माणूस नव्हतं. मुलानं ठरवलं, रोपं वाढवून चिखलात लावत बसायचं नाही. कोरड्या रानात पाभरीनं ओळीत भात पेरायचा, दीड महिना तो असाच पावसाच्या सरींवर वाढवायचा, आणि पाटाला पाणी आलं की रान भरून घ्यायचं. एकदा पाणी साचलं की गवताची खोड मोडते. तोपर्यंतचा दीड महिना मात्र गवत आपल्या उरावर.

आणि यंदा गवत उरावर घेणं परवडणारं नव्हतं. रान आमचं नाही, अर्ध्या वाट्यानं करतो. मालकीणबाई शहरात राहतात. गेल्या वर्षी लावणीला उशीर झाला, माणसं कमी पडली, आणि बाई कापणीला आल्या तेव्हा भातापेक्षा गवत उंच होतं. त्यांच्याबरोबर वीटभट्टीवाला होता. त्यानं बूट घातलेल्या पायानं ढेकूळ फोडलं आणि म्हणाला, "माती चांगली आहे, बाई. दोन हात खोल उचलतो." दोन हात माती गेल्यावर खाली राहतो मुरूम. त्यात भात काय, बोरीही उगवत नाही. बाईंनी तेव्हा सांगितलं होतं, "एक वर्ष देते. पाणी सोडायच्या आदल्या दिवशी मी स्वतः येऊन बघेन. गवत असलं तर माती भट्टीला जाईल."

म्हणून तर माझा जीव खालीवर होत होता. पेरणीचे आठ-दहा दिवस गवताच्या पाहुणचारात घालवायचे?

शेवटी हे बोलले. "खालचा तुकडा त्याच्या मताप्रमाणे करा. वरचा तुझ्या."

झालं. खालच्या तुकड्याला मुलानं विहिरीचं पाणी दिलं. वरच्या तुकड्यात मी दुसऱ्याच दिवशी पाभर धरायला लावली.

वीस दिवसांनी दोन्ही तुकडे शेजारी-शेजारी उभे होते, आणि बघणाऱ्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. खालच्यात ओळी दिसत होत्या. हाताच्या वितीएवढ्या अंतरावर भाताची ओळ, मध्ये तपकिरी माती, पुन्हा ओळ. वरच्यात नुसती हिरवी गादी अंथरलेली. मुलानं ओळींच्या मधून हातकोळपं ढकललं तेव्हा मधली माती दिसायला लागली, पण ओळीतलं गवत तसंच. ओळीत कोळपं चालत नाही, तिथे हातच लागतात. आणि ओळीत भाताला खेटून, त्याच्याच उंचीचा, त्याच्याच रंगाचा सावा, भातात माजणारं गवत, उभा होता.

मुलगा "मी सांगितलं होतं" असं म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

"वरचा तुकडा मी एकटी काढते," मी जाहीर केलं. "कोणी मध्ये यायचं नाही."

"आई, मी येते की," सून म्हणाली.

सून घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची मुलगी. लग्नाला सहा महिने झालेले. त्याआधी तिचा पाय मातीत पडला असेल तो फक्त कुंडी पाडली तेव्हा. बोलणं मोजकं, पाऊल हलकं. आमच्या घरात आधीच एक मुका होता, त्यात ही दुसरी आली. मी एकटी तिघांच्या वाटचं बोलायची.

"तुला सावा कळतो का?" मी विचारलं.

तिनं नाही म्हणून मान हलवली. ह्यांनी वाकून एक भात आणि एक सावा उपटला आणि तिच्यासमोर धरला. "पान जिथे खोडाला चिकटतं, तिथे बघ. भाताला तिथे बारीक जीभ असते. पांढरी. दोन बाजूंना केसाळ कान असतात. सावा मुका-बहिरा. त्याला जीभ नाही, कान नाहीत."

ह्यांनी एका दमात एवढं बोललेलं मी आमच्या लग्नानंतर ऐकलं नव्हतं. सुनेनं दोन्ही पानं डोळ्यांजवळ नेली, एक डोळा मिटला, आणि हसली. "दिसली जीभ."

"मला जीभ-बीभ बघावी लागत नाही," मी म्हणाले. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. "मी नुसत्या नजरेनं ओळखते."

आता कबूल करते. गेली दोन-तीन वर्षं लांबचं मला घारीसारखं दिसायचं, पण जवळचं सगळं धुकं झालं होतं. सुईत दोरा ओवायची वेळ आली की माझ्या हाताला हटकून पीठ लागलेलं असायचं. "अग, तेवढा दोरा ओव, माझे हात खराब आहेत." औषधाच्या बाटलीवरचं वाचायचं असलं की "मेलं किती बारीक छापतात" म्हणून मी ती मुलाकडे द्यायची. घरात कोणाला संशय आला नाही, किंवा आला असेल तर कोणी बोललं नाही. टोळीतही मी उभी असायची आणि बायका वाकलेल्या असायच्या. उभं राहिलं की मला स्पष्ट दिसायचं. आता बावीस वर्षांनी मी स्वतः वाकले होते.

पहिल्या दिवशी मी सहा ओळी काढल्या. उकडत होतं, आभाळ भरलेलं आणि पडत नव्हतं. घाम डोळ्यांत उतरायचा, म्हणून धूसर दिसतं असं मी स्वतःला समजावलं. हिशोब सोपा ठेवला होता. बियाणं आम्ही निवडून, मिठाच्या पाण्यात बुडवून घेतलं होतं. पोकळ दाणे तरंगले ते काढून टाकले होते. म्हणजे जोमदार असेल तो भात, किरकोळ असेल ते गवत. रुंद, तरतरीत, गर्द पानांचं रोप ठेवायचं, बारीक फिकट दिसेल ते उपटायचं. हात सरसर चालत होते. कंबर दुखत होती, पण मनात म्हटलं, अजून मुकादम आहे हो मी.

उपटलेलं मी बांधावर ढीग करून टाकत होते. दुपारी सून जेवण घेऊन आली. मी जेवत होते तेवढ्यात ती माझ्या काढलेल्या ओळीत जाऊन बसली. वाकली, बघितलं, पुन्हा बघितलं.

"काय ग, काय शोधतेस?"

"काही नाही, आई."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ती निघेचना. मी एका ओळीत पुढे चालले होते आणि ती मागून, मी साफ केलेल्या ओळीत, एकेक रोप चाचपत येत होती. मधूनच एखादं उपटायची आणि मुठीत लपवायची. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"माझ्या मागून हात फिरवतेस? बावीस वर्षं मी टोळी चालवली. माझ्या मागून कोणी हात फिरवला नाही!"

"थोडं राहिलं होतं, म्हणून..."

"राहिलं असेल तर मला दाखव. आणि घरी जा. भांडी पडली असतील."

ती उठून गेली. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता गोंधळ होता. मला त्याचाही राग आला.

पाचव्या दिवशी पाऊण तुकडा झाला. संध्याकाळी पाय धुवायला मी रानाच्या कोपऱ्यात गेले. तिथे विहिरीचा पाझर निघतो, माती कायम ओली असते. एक ओलं पोतं पसरलेलं दिसलं. उचललं, तर खाली रोपांच्या जुड्या. लावणीच्या वेळी बांधतात तशा नीट, मुळं चिखलात रोवलेल्या. मी एक जुडी उचलली. मुळांना बोटं लावली तर रोपारोपाला दाण्याचं टरफल चिकटलेलं. भाताचं टरफल. पेरलेल्या दाण्यातून उगवलेलं कोवळं रोप उपटलं की मुळाशी टरफल येतंच. सावा काय टरफल आणणार, त्याचं बी मोहरीपेक्षा लहान.

म्हणजे ही पोरगी भात उपटत होती! माझ्या मागून येऊन, माझ्या साफ केलेल्या ओळीतून!

मी तिथूनच ओरडत बांधावर आले. हे खालच्या तुकड्यात होते, मुलगा कोळपं खांद्यावर घेऊन निघाला होता, सून पाण्याची कळशी भरत होती. तिघं थांबले.

"बघा! बघा हिची करणी! भात उपटून जुड्या बांधून ठेवल्यात! मी मर-मर मरतेय आणि ही मुळावर उठलीय! रान हातचं गेलं तर हिला काय, ही बापाच्या दुकानात जाऊन बसेल! धाडा तिला तिकडेच!"

सुनेनं कळशी खाली ठेवली.

हे सावकाश बांधावर आले. त्यांचा गुडघा दुखतो, बांध चढायला वेळ लागतो. ते माझ्याजवळ आले नाहीत. सरळ माझ्या ढिगाकडे गेले, आज मी उपटून टाकलेल्या गवताच्या. त्यातली मूठभर उचलली आणि माझ्या हातावर ठेवली.

"मुळं चाचप," म्हणाले.

मी चाचपली. एका मुळाला टरफल. दुसऱ्याला टरफल. तिसरं मोकळं. चौथ्याला टरफल. मी ती मूठ टाकली आणि ढिगात हात घातला, कोपरापर्यंत. टरफल, टरफल, टरफल. हात थांबवला तर बरं, हे कळत होतं, पण थांबवता येईना.

"मी त्यातलाच वेचत होते, आई," सून म्हणाली. आवाज इतका बारीक की मी तिच्याकडे बघून ओठ वाचले. "ओल्यात ठेवला की जगतो. आणि संध्याकाळी ओळीतल्या मोकळ्या जागांत परत लावत होते. ह्यांनी सांगितलं, त्याला नांग्या भरणं म्हणतात."

"यालाही माहीत होतं?"

मुलानं मान खाली घातली.

"आणि तुम्ही?" मी ह्यांना विचारलं.

"पोतं मीच भिजवून दिलं."

"मग मला सांगितलं का नाही कोणी?"

ह्यांनी दुखरा गुडघा चोळला. "मुकादमाला कोण सांगणार?"

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. ज्या रानासाठी जीव टाकत होते, त्याचा भात मी स्वतःच्या हातानं उपटत होते आणि सावा सांभाळून ठेवत होते. वर त्या पोरीला काय काय बोलले होते. मी बांधावर बसले आणि पदर तोंडाला लावून रडले, मोठ्यानं, कोणाची लाज न धरता. सून शेजारी येऊन बसली. कळशीतलं पाणी माझ्या हातांवर ओतलं, चिखल धुतला.

"मला जवळचं दिसत नाही ग," मी म्हणाले.

"माहितेय," ती म्हणाली. "पहिल्याच आठवड्यात कळलं. दोरा ओवायला द्यायचात तेव्हा पीठ उजव्या हाताला असायचं आणि सुई डाव्या. घड्याळाच्या दुकानात सगळे असेच येतात. काटा दिसत नाही आणि म्हणतात, घड्याळ बिघडलंय."

रडताना हसू आलं मला. नाक वाहायला लागलं.

दुसऱ्या दिवशी मी घरी थांबणार होते. तोंड दाखवायची इच्छा नव्हती. पण मालकीणबाई यायला बारा दिवस उरले होते, तुकडा सगळा पुन्हा तपासायचा होता, आणि माणसं चारच. हात मोजून वापरायचे दिवस होते. मी निमूटपणे सुनेच्या मागून रानात गेले.

तिनं पुष्कळ प्रयत्न केला. पान उलगडून माझ्यासमोर धरायची, "ही बघा जीभ." मी लांब धरायची, आणखी लांब धरायची, शेवटी हातच अपुरे पडायचे. रोप दूर नेलं की जीभ दिसण्याइतकी मोठी राहायची नाही. वैताग आला. ती बोलत होती तेव्हा दोन रोपं माझ्या दोन हातांत होती आणि मी ती नुसती चिमटीत चोळत होते, बुडाजवळ, जिथून खोड मातीतून वर येतं.

एक फिरत होतं. दुसरं फिरत नव्हतं.

मी पुन्हा चोळून बघितलं. उजव्या हातातलं चिमटीत गोल फिरायचं, अंगठी बोटात फिरते तसं. डाव्यातलं आडवं पडायचं, चपटं.

"उजवा भात," मी म्हणाले. "डावा सावा."

सुनेनं दोन्ही डोळ्यांजवळ नेले. "बरोबर! कशावरून?"

"भात फिरतो. सावा चपटा आहे, फिरत नाही."

मला वाटलं, ती लगेच खूश होऊन मला कामाला लावेल. छे! घड्याळवाल्याची मुलगी ती. "पाठ फिरवा," म्हणाली. मला बांधावर पाठमोरी बसवलं, आणि मागून माझ्या हातात एकेक रोप देत गेली. मी चोळायची आणि सांगायची. भात. सावा. सावा. भात. वीस झाली.

"तीन चुकली."

"विसात तीन म्हणजे काही वाईट नाही."

"विसात तीन म्हणजे शंभरात पंधरा. पंधरा रोपं उपटणार तुम्ही?"

बावीस वर्षांत मला कोणी असं विचारलं नव्हतं. "दे पुढची वीस," म्हटलं.

दुसऱ्या विसात एक चुकलं. तिसऱ्यात एकही नाही. तरी तिनं चौथी वीस दिली. मुलगा खालच्या तुकड्यातून बघत होता आणि तोंडावर हात ठेवून हसत होता, मेला.

मग आम्ही बसलो. मी एका ओळीत, ती शेजारच्या ओळीत. मी चिमटीनं, ती डोळ्यानं. वेग पहिल्यासारखा नव्हता. एकेक रोपाला हात लावायचा, फिरतंय का बघायचं, मग ठेवायचं किंवा उपटायचं. दिवसाला तीन ओळी झाल्या तरी पुष्कळ. आधी मी राखून ठेवलेला सावा आता चांगला फोफावला होता, उपटताना मातीचं ढेकूळ घेऊन यायचा, अंगठ्याला चिरा पडल्या. संध्याकाळी हे आणि मुलगा नांग्या भरायचे. खालच्या तुकड्यात जिथे दाट उगवलं होतं, तिथलं काढून वरच्यात आणून लावायचे, कळशीनं पाणी घालायचे. चौथ्या दिवशी पाऊस आला, तासभर, बेताचा. आम्ही चौघं बांधाच्या झाडाखाली उभे राहून भिजलो, आणि लावलेली रोपं मान वर करतात का ते बघत राहिलो.

मधल्या वेळात सून बोलायला लागली. आधी सावकाश, मग धबधबा. तिच्या वडिलांच्या दुकानात एक माणूस दर महिन्याला चांगलं चालणारं घड्याळ घेऊन यायचा आणि "मागं पडतंय" म्हणायचा, कारण त्याला घरी लवकर जायचं नसायचं. ऐकून माझ्या पोटात दुखेपर्यंत हसू आलं. एवढ्या गोष्टी हिच्या पोटात होत्या आणि मी हिला मुकी म्हणत होते.

बाई ठरल्या दिवशी आल्या, दुपारी, मोटारीतून. वीटभट्टीवाला बरोबर. बाई माझ्याच वयाच्या, जाड काचांचा चष्मा, हातात छत्री. त्या आधी खालच्या तुकड्यात उतरल्या. पावलं मोजत चालल्या, मध्येच वाकल्या, उठल्या. मग वरच्या तुकड्याच्या बांधावर आल्या.

वरचा तुकडा काही देखणा नव्हता. ओळी विस्कटलेल्या, कुठे उंच रोप, कुठे कालच लावलेलं पिवळट. एका कोपऱ्यात आमचा हात पोचलाच नव्हता, तिथे सावा दाट उभा होता.

"हे बघा," भट्टीवाला म्हणाला. "गवतच आहे. मी म्हणत होतो." त्यानं वाकून एक रोप उपटलं आणि बाईंसमोर धरलं.

"तो भात आहे," सून म्हणाली.

भट्टीवाल्यानं रोपाकडे बघितलं, मग तिच्याकडे. "हिरवं ते हिरवं," म्हणाला.

"खालचा तुकडा असा आणि वरचा असा का?" बाईंनी मला विचारलं.

ह्यांनी घसा खाकरला. मुलगा काहीतरी सांगायला पुढे झाला, पाऊस, बियाणं, असलं काहीतरी. मी त्याला हातानं अडवलं. झाकली मूठ ठेवली असती तर कोणी उघडायला आलं नसतं. पण मला आता लपवायचा कंटाळा आला होता.

"माझ्यामुळे," मी म्हणाले. "मुलगा सांगत होता तसं मी या तुकड्यात करू दिलं नाही. मग गवत माजलं. मग मी निंदायला बसले आणि भात उपटला, सावा ठेवला. पाच दिवस. मला जवळचं दिसत नाही, आणि कोणाला सांगायची लाज वाटत होती. या पोरीनं माझ्या ढिगातून भात वेचून परत लावला. जे उभं आहे ते तिच्यामुळे आहे."

भट्टीवाला खुशीत दिसला.

बाईंनी छत्री मुलाकडे दिली. चष्मा काढला, पदरानं पुसला आणि माझ्या नाकावर ठेवला. "बघा."

मी वाकले. भट्टीवाल्यानं उपटलेलं ते रोप मी हातात घेतलं. पान उलगडलं, आणि जिथे ते खोडाला चिकटतं तिथे, पांढरी, नखाच्या टोकाएवढी, टोकाशी फाटलेली जीभ. दोन बाजूंना केस असलेले कान. इतकं स्पष्ट की मी दचकले. जन्म भातात गेला माझा, आणि त्याची जीभ मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली.

"दिसली?"

"दिसली हो," मी म्हणाले. डोळ्यांत पाणी आलं आणि काचा पुन्हा धूसर झाल्या.

"चष्म्याशिवाय मला आता सगळं हिरवं ते हिरवंच दिसतंय," बाई म्हणाल्या आणि भट्टीवाल्याकडे वळल्या. "तुम्हाला डोळे आहेत तरी तसंच दिसतंय. खालच्या तुकड्यात मी चाळीस पावलं चालले, गवताच्या तीन काड्या मिळाल्या. ज्यांना तसं करता येतं, त्यांना वरचंही करता येईल. माती उचलायची नाही."

"बाई, पण आपलं बोलणं झालं होतं..."

"गवत असलं तर, असं झालं होतं. इथे भात आहे. ही मुलगी सांगतेय." त्यांनी माझ्या नाकावरचा चष्मा उचलून स्वतःच्या नाकावर ठेवला. "आणि तुम्ही एक चष्मा घ्या. मुकादमानं चष्मा लावू नये असा कुठे नियम आहे?"

मोटार गेली. आम्ही बांधावर उभे राहिलो. मुलगा कोपऱ्याकडे बघून म्हणाला, "तो दाट कोपरा राहिलाय." आणि चौघंही उतरलो. अंधार पडायच्या आत तो झाला.

सकाळी पाटकरी सायकलवरून आला. पाटाचं दार उघडायची किल्ली त्याच्याकडे असते, आणि आमच्या गावात रीत अशी की रान निंदून साफ झालंय हे निंदणारांच्या मुकादमानं सांगितल्याशिवाय तो पाणी सोडत नाही. एकदा पाणी भरलं की राहिलेलं गवत चिखलात काढणं महाकठीण, आणि मग शिव्या त्यालाच बसतात. बावीस वर्षं तो येऊन मलाच विचारत आला. शेजारच्या रानांतही मलाच.

"काय मुकादम, साफ? सोडू?" त्यानं सायकलवरून पाय न उतरवता विचारलं.

जिभेवर "सोड" आलं होतं. सवयच ती.

"मला काय विचारतोस?" मी म्हणाले. "मुकादम तिकडे आहे. तिला विचार."

पाटकऱ्यानं सुनेकडे बघितलं आणि हसला. त्याला वाटलं, थट्टा. मग ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मान डोलावली.

सुनेनं माझ्याकडे बघितलं. तिनं पदर खोचला आणि वरच्या तुकड्यात उतरली. पहिल्या ओळीपासून चालायला लागली, डोकं खाली, सावकाश, एक ओळ झाली, दुसरी झाली. पाटकरी सायकलवरून उतरला. सातव्या ओळीत ती वाकली आणि एक सावा उपटून बांधावर फेकला. पाटकऱ्यानं सायकल झाडाला टेकवली आणि म्हणाला, "अहो वहिनी, मला अजून पाच दारं उघडायची आहेत." ती ऐकतच नव्हती. दहाव्या ओळीत दुसरा निघाला. शेवटच्या ओळीत आणखी एक. पाटकरी बांधावर बसला, तंबाखू मळली, थुंकला, उठला, पुन्हा बसला.

मग ती वर आली, हात झटकले, आणि म्हणाली, "सोडा."

बावीस वर्षांत पाटकऱ्याला एवढं ताटकळत मीसुद्धा कधी ठेवलं नव्हतं.